कपाचा कान

कवडू रामटेकेच्या मुलीचं, प्रेमिलाचं, लग्न झालं ते एकोणीसशे चौऱ्याऐंशी साल. बुद्धपौर्णिमा होती आणि मंगळवार होता. नागपूरजवळच्या वाडीतल्या ज्या ट्रान्सपोर्ट कंपनीत कवडू शिपाई होता, त्या ऑफिसातली सोळाच्या सोळा माणसं लग्नाला आली. मांडवात बसली, आहेराची पाकिटं दिली, नवरदेवाच्या पाठीवर हात फिरवला. मग पंगत बसली आणि सोळाही जणांना उपास निघाला.

"मंगळवार हाये ना गा आज," हेडक्लार्क गणपतराव म्हणाले. त्यांना सगळे बडेबाबू म्हणत. कुणाला मंगळवार होता, कुणाला पौर्णिमा होती. दुसरा शिपाई धोंडबा, त्याला दोन्ही होते. टायपिस्ट कुसुमताईंनी तेवढं एक केळं घेतलं, कारण केळ्याला साल असते.

"तुमच्या हापिसातले लोक लई देवाचे दिसतात बाप्पा," रात्री पातेल्यातला उरलेला भात पाहून कवडूची बायको पंचफुला म्हणाली.

"मंगळवारचे," कवडू म्हणाला.

बाकी ऑफिसात रोज चहा असे. कोपऱ्यावरच्या टपरीचा गोविंदा दोन वेळा किटली घेऊन येई. ऑफिसचे सतरा पांढरे कप होते. सोळा ट्रेमध्ये राहत आणि सतरावा खिडकीत राही. त्या सतराव्या कपाला कान नव्हता. कवडू कामाला लागला त्या दिवशी धोंडबानं एक कोरा कप घेतला, नळाच्या तोटीवर एकदा टक् करून आपटला, कान पाडला आणि म्हणाला, "ओळखू याले बरा." कवडू छप्पन सालीच, चौदा वर्षांचा असताना, बापाबरोबर दीक्षाभूमीवर जाऊन बौद्ध झाला होता. कप मात्र जिथं होता तिथंच राहिला. गोविंदा वरून, हातभर अंतरावरून, त्यात चहा सोडी आणि एक थेंबही सांडू देत नसे. हाताला फार चांगलं वळण होतं.

कपाबद्दल कवडू कधी बोलला नाही. त्याला बोलायचं होतं ते वेगळंच. चौदा वर्षं तो टेंपरवारी होता. धोंडबा त्याच्या फक्त महिनाभर आधी लागला आणि दोन वर्षांत परमनंट झाला. कवडूचा अर्ज दर वर्षी मुंबईच्या हेड ऑफिसला जाई आणि दर वर्षी परत येई. लग्नाच्या पत्रिकेत त्यानं नावापुढे 'शिपाई' एवढंच छापलं होतं. कुहीच्या व्याह्यानं बैठकीत विचारलं, "परमनंट ना?" तेव्हा कवडूला खोकला आला होता. परमनंट हा एक शब्द त्याला मरायच्या आधी आपल्या नावापुढे पाहायचा होता.

त्याच पावसाळ्यात ऑफिसात चहाचं मशीन आलं.

लोक चहाच्या नावानं बाहेर जातात आणि ट्रक उभे राहतात, असं हेड ऑफिसच्या ध्यानात आलं होतं. म्हणून मुंबईहून कपाटाएवढं एक पत्र्याचं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर एक मेकॅनिक आला. तो उत्तरेकडचा होता. सगळे त्याला भैय्याजी म्हणत. मशीनला दोन बटनं, एक तोंड आणि एक फट होती. फटीत पितळेचं टोकन टाकायचं, तोंडाखाली कप धरायचा, बटन दाबायचं. प्रत्येकाला रोज दोन टोकनं फुकट. मशीन जेवणाच्या खोलीत बसवलं. बडेबाबूंनी हार घातला, नारळ फोडला आणि पहिलं टोकन टाकलं.

मशीननं टोकन गिळलं आणि काही दिलं नाही.

"दुसरं टाका," धोंडबा म्हणाला.

तेही गेलं. बडेबाबूंनी चहाचं बटन दाबलं, तर गरम पाणी आलं. कॉफीचं दाबलं, तर चहाची कोरडी पावडर भसकन धोतरावर आली. मग त्यांनी फटीत बोट घातलं. आपलं टोकन आपल्याला दिसतंय, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांना असा झटका बसला की टोपी उडून नारळाच्या पाण्यात पडली.

"अरे बापा! मारते हे!" बडेबाबू भिंतीला टेकून म्हणाले. "भैय्याजी, ये चाय देती है के जान लेती है?"

"नई मशीन है, बाबूजी. शरमाती है," भैय्याजी म्हणाला आणि त्यानं मशीनच्या डाव्या बरगडीत एक बुक्की मारली. मशीन खाकरलं आणि चांगला वाफाळता चहा देऊ लागलं.

आठ दिवस मशीन असंच चाललं. कधी अर्धा कप देई. कधी कप भरला तरी थांबतच नसे, आणि माणूस ओरडत दुसरा कप शोधी. पण मुंबईची वस्तू म्हणून सगळे पीत होते. आठ दिवसांनी भैय्याजी परत जाणार होता, म्हणून नवे साहेब कर्णिक यांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब मुंबईहून बदलून आले होते. नागपूरचं ऊन आणि नागपूरची माणसं, दोन्ही त्यांना अजून कळायची होती.

"मशीन कोण सांभाळणार?" साहेबांनी विचारलं. "रोज पाणी, दूध पावडर, साखर भरायची, आतून धुवायचं. तीन महिने मशीन नीट चाललं आणि रोजचे तीस कप गेले, तर हेड ऑफिस ऑपरेटरची कायम जागा देणार आहे. धोंडबा?"

"मले बायकापोरं हायेत साहेब," धोंडबा म्हणाला. बडेबाबूंची टोपी उडताना त्यानं पाहिली होती.

बाकीचे छताकडे पाहू लागले. मागून कवडू म्हणाला, "मी करतो साहेब."

भैय्याजीनं त्याला दोन दिवसांत सगळं शिकवलं. कवडूचा हात शिकायला चांगला होता. जाताना भैय्याजीनं खिशातला एक छोटा पाना काढून त्याला दिला. "रख लो उस्ताद. जब जिद करे, तब काम आएगा."

चौदा वर्षांत कवडूला उस्ताद कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं पाना घरी नेऊन पंचफुलेला दाखवला.

"परमनंट करतीन?" तिनं विचारलं.

"तीन महिने. रोजचे तीस कप. सोळा माणसं दोन-दोन कप पेतात, म्हणजे बत्तीस तर बसल्या जागीच होते."

"आधी पोटाचं दाखवा कोनाले," ती म्हणाली. कवडूच्या पोटात वर्षभर जळजळ होत होती. तो चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पिई आणि कामाला जाई.

"परमनंट झालो का कंपनीचा डाक्टर फुकट पाहते," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी कवडूनं हात साबणानं धुतले, बादलीभर पाणी गाळून घेतलं आणि सगळ्यांसमोर मशीनचं झाकण उघडून आत ओतलं. जेवणाच्या खोलीत सात-आठ जण कप घेऊन उभे होते. त्यांनी ते पाणी आत जाताना पाहिलं. त्या ऑफिसात चौदा वर्षांत कवडूनं पाण्याच्या माठाला हात लावला नव्हता. लावू नको असंही कुणी सांगितलं नव्हतं. माठाला धोंडबा होता.

कप हळूहळू ट्रेमध्ये परत गेले.

"मले आज जरा जळजळ वाटून राहिली," बडेबाबू म्हणाले.

"मलेही," रोखपाल म्हणाला.

"पित्त," धोंडबा म्हणाला.

त्या दिवशी मशीनमधून दोन कप गेले, एक साहेबांचा आणि एक कवडूचा. मशीनच्या आत कप मोजणारा एक आकडा होता. मंगळवारी तो दोननं वाढला, बुधवारी दोननं वाढला. मशीन मात्र आता अगदी नीट चालत होतं. टोकन गिळत नव्हतं, सांडत नव्हतं, लाजत नव्हतं. दुपारी लोक गोविंदाच्या टपरीवर जात आणि ट्रक उभे राहत.

कवडूनं एकदा बडेबाबूंना विचारलं, "बडेबाबू, चहा चांगला होऊन राहिला. काहून पेत नाही?"

"अरे, तुह्या चहाले कोन नाव ठेवते गा?" बडेबाबू गोड आवाजात म्हणाले. "मायं पोट बदमाश हाये. डाक्टरनं चहा बंद सांगितला."

"पन आत्ता गोविंदाच्या दुकानी..."

"तो चहा पातळ असते," बडेबाबू म्हणाले.

महिना भरला. हेड ऑफिसनं आकडा वाचला आणि मशीन बिघडलं असं समजून भैय्याजीला परत पाठवलं. त्यानं मशीन उघडलं, आत तोंड घातलं, चार कप काढून चारही स्वतः प्यायला.

"साहब, मशीन तो फस्ट क्लास है," तो म्हणाला. "फॉल्ट मशीन में नहीं है."

"मग कशात आहे?" साहेबांनी विचारलं.

भैय्याजीनं ऑफिसकडे एकवार पाहिलं आणि पान लावलं.

साहेबांनी हुकूम काढला. मशीनचा चहा का पीत नाही, याचं कारण प्रत्येकानं लेखी द्यायचं. त्या दिवशी ऑफिसात ट्रकचं एकही काम झालं नाही. सोळा माणसं कारण शोधत बसली. खरं एकच होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं, पण ते कागदावर लिहिलं तर गुन्हा होतो, हेही माहीत होतं. बडेबाबूंनी ॲसिडिटी घेतली. रोखपालानंही ॲसिडिटीच लिहिली, तर बडेबाबू चिडले. "माया रोग काहून घेतला बे? दुसरा पाह्य!" मग रोखपालानं अल्सर घेतला. कुणी गॅस, कुणी आमांश. धोंडबाला काही उरलं नाही, म्हणून त्यानं चारही लिहून दिले. ते सगळं कुसुमताईंनी टाईप केलं आणि शेवटी कागद चढवून स्वतःचं टाईप केलं.

कवडू कागद न्यायला आला, तेव्हा वरचा कागद त्यांचाच होता. मराठी त्याला वाचता येत होतं.

"ताई, तुमालेही?"

"माझं खरंच आहे कवडू," कुसुमताई म्हणाल्या. त्यांनी टाईपरायटरची फीत बदलायला घेतली. ती कालच बदललेली होती.

साहेबांनी सोळा कागद वाचले आणि कवडूला आत बोलावलं.

"कवडू, खरं काय आहे?"

कवडू बाहेर गेला. खिडकीतला आपला कप आणून त्यानं टेबलावर ठेवला. "साहेब, या कपाले कान नाही. पाडला हाये. माया कप कोनता ते समजाव म्हनून. आता मशीनमंदी पानी मी भरतो. त्याले तर कान नाही पाडता येत."

साहेबांनी कप उचलून फिरवून पाहिला आणि परत ठेवला. मग त्यांनी हेड ऑफिसचा छापील फॉर्म ओढला. मशीन न चालण्याचं कारण असा त्यात रकाना होता. खाली चार घरं होती. विजेचा दोष, यंत्राचा दोष, पाण्याचा दोष, कर्मचाऱ्यांची प्रकृती.

"तू म्हणतोस त्याला यात घर नाही रे," साहेब म्हणाले. आवाजात वाईट वाटल्यासारखं होतं. "आणि लिहिलं तर चौकशी लागेल. ब्रँच बंद पडायची." त्यांनी चौथ्या घरात खूण केली आणि सोळा कागद जोडले.

हेड ऑफिसात ते कागद उघडले तेव्हा तिथं एकच धावपळ झाली. मशीन बसवल्यापासून एका महिन्यात सोळापैकी सोळा माणसं पोटाच्या रोगानं पडली होती. उद्या यातलं एखादं दगावलं तर कंपनीवर येणार. तिसऱ्या दिवशी मुंबईहून कंपनीचा डॉक्टर नागपूरला उतरला.

डॉक्टर म्हातारा आणि कडक होता. त्यानं जेवणाच्या खोलीत टेबल मांडलं आणि बॅगेतून एक लांब रबरी नळी काढली.

"पोटातलं ॲसिड मोजायचं आहे. ही गिळायची."

"पूर्न?" बडेबाबूंनी विचारलं.

"खुणेपर्यंत."

खूण फार लांब होती. बडेबाबूंनी एक डोळा साहेबांकडे ठेवला आणि नळी गिळली. त्यांचे डोळे बाहेर आले, नाकातून पाणी आलं. एका शब्दानं ते सुटले असते. 'मला काही झालेलं नाही' एवढं म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता. त्यांनी नळी गिळली. त्यांच्यामागून पंधरा जणांनी गिळली. धोंडबानं चार रोग लिहिले होते, म्हणून त्याला दोनदा गिळावी लागली. कवडू दारात बादली धरून उभा होता आणि एकेकाची ओकारी उचलत होता. ती उचलायला कुणाची हरकत नव्हती.

डॉक्टरनं सगळ्यांना तिखट बंद केलं, रश्श्यावरची तर्री बंद केली, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद केला. दुधीची उकडलेली भाजी आणि रोज दोन वेळा एक गुलाबी औषध, तेही साहेबांच्या समोर. औषधाची चव भिंतीच्या चुन्यासारखी होती.

शेवटी कवडू पुढे झाला. "डाक्टरसाहेब, मायंही जरा पाह्यता का? लई जळते. रात्री झोपू देत नाही."

डॉक्टरनं यादी पाहिली. "नाव?"

"कवडू मारोतराव रामटेके."

"यादीत नाही."

"मी टेंपरवारी हाये."

"मग कंपनीत करता येत नाही. मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात दाखव," डॉक्टर म्हणाला आणि नळी बॅगेत ठेवली.

सोळा पोटांत त्याला काहीच सापडलं नव्हतं. पण मुंबईहून नागपूरपर्यंत आलेला माणूस काहीच नाही असं लिहीत नाही. पंधरा दिवसांनी हेड ऑफिसचं पत्र आलं. ते इंग्रजीत होतं. कुसुमताई त्याची नक्कल टाईप करत होत्या आणि कवडू शेजारी उभा होता.

"ताई, काय लिहिलं हाये?"

"मशीन परत चाललं."

"अन् मायं?"

कुसुमताईंची बोटं थांबली. पत्रात लिहिलं होतं की रोगाचं कारण यंत्र हाताळणाऱ्या इसमाची अस्वच्छता हे असावं, तरी ऑपरेटरची जागा भरण्यात येऊ नये, आणि सदर इसमाला पुढे खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून दूर ठेवावं.

"तुझं काही लिहिलं नाही," त्या म्हणाल्या.

कवडूनं मान हलवली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण चेहरा वाचता येत होता.

मशीन ट्रकवर चढलं. दुपारी गोविंदाची किटली आली. बडेबाबूंनी तीन आठवडे दुधी खाल्लेला होता. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "आता कसं मोकळं वाटून राहिलं!" गोविंदानं हातभर अंतरावरून खिडकीतल्या कपात चहा सोडला. थेंबही सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडूनं रोजच्यासारखं ऑफिस उघडलं. झाडून घेतलं. टेबलं पुसली. मग ट्रे पुढ्यात घेतला आणि खिशातून भैय्याजीचा पाना काढला. टक्. टक्. काम अगदी सफाईनं केलं, एकही कप फुटला नाही. सोळा कान त्यानं कागदात बांधून कचऱ्यात टाकले, खिडकीतला कप आणून ट्रेमध्ये ठेवला आणि सगळे कप धुऊन इकडचे तिकडे केले. मग त्यालाही आपला ओळखू येईना.

दुपारी किटली आली आणि धोंडबा ओरडला. सगळे जमले.

"हे कोनं केलं?" बडेबाबूंनी विचारलं. ते कवडूकडेच पाहत होते.

"पोटाचं दुखनं कानापर्यंत गेलं असन बडेबाबू," कवडू म्हणाला. "साथ हाये ना."

"चावटपना करतं का बे? यातला तुया..." बडेबाबू बोलता बोलता थांबले. साहेब दारात येऊन उभे होते.

"काय झालं गणपतराव? काय विचारत होता तुम्ही याला?"

"काही नाही साहेब. कप... कपाचे कान..."

"कान नसला तर चहा पिता येत नाही का?" साहेबांनी विचारलं. "कवडू इतकी वर्षं पितोच आहे."

आता पुन्हा ॲसिडिटी झाली असं म्हणावं, तर डॉक्टरची नळी डोळ्यांपुढे येत होती. किटली निवत चालली. कुसुमताई पुढे झाल्या, हाताला लागला तो कप उचलला आणि प्यायल्या. मग रोखपालानं उचलला. बडेबाबूंनी सगळ्यांत शेवटी, रुमालात धरून.

धोंडबानं हार मानली नाही. त्यानं एक कप आपला म्हणून धरला आणि पार्सलला सील करायच्या लाखेचा एक लाल ठिपका त्याच्या बुडाला लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सतराही कपांच्या बुडाला लाल ठिपके होते.

"तूच लावले!" तो कवडूवर धावून गेला.

"मले पार्सलच्या कपाटाची चाबी कोन देते?" कवडू म्हणाला. खरंच ती चाबी त्याच्याकडे नव्हती. ती कुसुमताईंकडे असे. त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताच्या एका बोटावर भाजल्याचा एक फोड होता आणि त्या नऊ बोटांनी टाईप करत होत्या.

त्यानंतर दोन वर्षं त्या ऑफिसात सगळे बिनकानाच्या कपांतून चहा पीत होते. बोटं भाजत, म्हणून सगळ्यांनी कप दोन बोटांनी काठाला धरायची सवय लावून घेतली. नवे कप मागवायचे, तर जुने का नकोत हे लिहून द्यावं लागलं असतं. कवडूचा अर्ज दर वर्षी जात होता आणि दर वर्षी परत येत होता. सोडा चिमटीवरून चमच्यावर आला.

कवडूच्या घरी दुःखाला भेटायला सोळाही जण गेले. पंचफुलेनं शेजारणीकडून चहा करून आणला. वार शनिवार होता. तिनं ट्रे पुढे केला आणि म्हणाली, "उपास असन तुमचा." एवढं बोलून ती आत गेली. ट्रे किती रिकामा झाला ते तिनं पाहिलं नाही.

सोमवारी गोविंदा आला. धोंडबानं सवयीनं सतरा कप मांडले आणि गोविंदानं सवयीनं सतरा भरले. सोळा उचलले गेले. एक ट्रेमध्ये राहिला. बडेबाबू त्याच्याकडे पाहत होते. तो कवडूचा होता की त्यांच्या हातातला कवडूचा होता, हे आता कुणालाही सांगता येण्यासारखं नव्हतं.

कवडू मारोतराव रामटेके, टेंपरवारी शिपाई, पोटातला अल्सर फुटून मेडिकलच्या वऱ्हांड्यात शुक्रवारी, एकवीस नोव्हेंबर एकोणीसशे शहाऐंशी रोजी वारला.